खाऱ्या पाण्याच्या टाकीला पंप कोणता? नागपूरच्या मे महिन्याचा हिशेब धरून

विचारणा थोडक्यात अशी आहे. नागपुरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, ४ × १.५ × १.५ फुटांची काचेची टाकी, खाली कपाटात संप, म्हणजे पाईपने जोडलेली दुसरी छोटी टाकी. दोन क्लाउनफिश, आणखी तीन-चार लहान मासे आणि पुढेमागे थोडे मऊ कोरल असा बेत. दुकानदार म्हणतो, ताशी १०,००० लिटरचा एकच पंप टाका, विषय संपला. घरात कूलरचे दोन पंप पडून आहेत, ते चालतील का? आणि अमेरिकेतला भाऊ दिवाळीला येतोय, त्याच्याकडून पंप मागवावा का?

आधी दुकानदाराचं. एक मोठा पंप घेऊ नका, तीन घ्या: संपमधून पाणी वर चढवणारा एक रिटर्न पंप आणि टाकीत पाणी फिरवणारे दोन मध्यम वेव्हमेकर. ही कामं वेगळी आहेत आणि यंत्रंही वेगळी. रिटर्न पंपात इम्पेलर, म्हणजे पात्यांचं छोटं चाक, बंद घरात फिरतो आणि पाणी दाबाने पाईपमध्ये ढकलतो. वेव्हमेकरमध्ये उघडं प्रोपेलर असतं. ते तेवढ्याच विजेत कितीतरी जास्त पाणी हलवतं, रुंद आणि सौम्य झोतात, पण वीतभर वर चढवायचं म्हटलं तर हात टेकतं. दुकानदाराचा १०,००० लिटरचा पंप रिटर्नला लावलात तर ओव्हरफ्लोला, म्हणजे टाकीतलं जास्तीचं पाणी खाली संपमध्ये सोडणाऱ्या वाटेला, तेवढं पाणी झेपणार नाही, आणि टाकीत ठेवलात तर एका कोपऱ्यातली वाळू उडून दुसऱ्या कोपऱ्यात ढीग होईल. शिवाय तो एक बंद पडला की सगळंच बंद.

आता 'भरवशाचा' पंप कोणता, हा खरा प्रश्न. खोक्यावरचा ताशी लिटरचा आकडा मी सगळ्यात शेवटी बघतो. त्याआधी तीन गोष्टी पाहतो. लाईट जाऊन परत आली की पंप आपोआप सुरू होतो का? मे महिन्यात तो पाण्यात किती उष्णता सोडतो? आणि त्याचा इम्पेलर सुटा विकत मिळतो का? या तिन्हींत जो पास होतो, तो थोडा कमी पाणी फेकत असला तरी चालतो.

पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर. टाकीतले पंप सहसा चालू असताना बिघडत नाहीत, ते बंद झाल्यावर पुन्हा सुरू होत नाहीत. खाऱ्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं. पंप फिरत असताना शाफ्ट (मधला दांडा) आणि रोटर (त्यावर फिरणारा चुंबकाचा भाग) कोमट राहतात, तिथे चुन्याचा पातळ थर बसत जातो, वर गुलाबी शेवाळाचं कवच चढतं. फिरत्या रोटरला वेग असतो, तो हे सगळं घासत फिरत राहतो. लाईट गेली, रोटर थांबला, आणि परत आल्यावर त्या थराला तोडून निघायची ताकद त्याच्यात उरलेली नसते. पंप नुसता गुरगुरत बसतो, गरम होतो, आणि आपण ऑफिसमध्ये असतो. थेट घरच्या विजेवर चालणाऱ्या साध्या एसी पंपांत ही अडचण जास्त, कारण त्यांच्या मोटरला सुरुवातीचा जोर कमी असतो. ती सुरू होताना कधी उलटी, कधी सुलटी हलते आणि मग दिशा पकडते. तो टक-टक आवाज म्हणजे हीच झटापट. अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या डीसी पंपांना कंट्रोलर असतो. तो हळूहळू वेग वाढवतो आणि रोटर अडकला तर बरेच कंट्रोलर पुन्हा प्रयत्न करतात. पण त्यांचीही एक खोड आहे. काही स्वस्त कंट्रोलर लाईट आल्यावर तुमची जुनी सेटिंग विसरतात, किंवा बटण दाबेपर्यंत बंदच राहतात. म्हणून पंप हातात आला की टाकीत टाकण्याआधी बादलीत मिठाचं पाणी घ्या, पंप त्यात बुडवा आणि भिंतीवरच्या बटणाने दहा-बारा वेळा बंद-चालू करा. कधी लगेच, कधी पाच मिनिटांनी. एकदा जरी अडला तरी परत करा. ही परीक्षा घरी फुकट होते आणि कुठल्याही खोक्यावर छापलेली नसते.

महावितरणचा पुरवठा शहरात एरवी ठीक असतो, पण मे-जूनमधलं वादळ आणि पहिल्या पावसाचे दिवस आठवा. लाईट जाणारच, हे धरूनच टाकी मांडायची. गोड्या पाण्याच्या टाकीत तास-दोन तास पंप बंद राहिला तर फारसं बिघडत नाही. समुद्राच्या पाण्यात मुळात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, तर ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) खारटपणाच्या पाण्यात ६.७ च्या आसपास. पाणी ३० अंशांवर गेलं की तो ६.२ वर येतो, आणि त्याच वेळी माशांची गरज वाढलेली असते. त्यात खडकांतले जीवाणूही तोच प्राणवायू खातात. गर्दीची टाकी असेल तर काही तासांत मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. म्हणून दोनपैकी निदान एक वेव्हमेकर बॅकअपवर हवा.

इथे डीसी पंपाची बाजू भक्कम होते. घरात इन्व्हर्टर असेलच. तो साइन वेव्हचा आहे की स्क्वेअर वेव्हचा, ते आधी बघा. स्क्वेअर वेव्हवर एसी पंप भुणभुणतो आणि तापतो, डीसी पंपाचा अ‍ॅडॉप्टर मात्र बहुतेक वेळा निमूट चालतो. इन्व्हर्टरवर पंख्यांचा लोड आधीच असेल, तर १२ व्होल्टचा छोटा वेव्हमेकर घेऊन त्याला वेगळी बॅटरी द्या. ५ वॉट खाणारा पंप ७ अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट बॅटरीवर आठ-दहा तास निघतो. पंप २४ व्होल्टचा असेल तर एका बॅटरीवर चालणार नाही, हे घेतानाच लक्षात ठेवा. बॅकअपवरच्या पंपाचं तोंड वरच्या पृष्ठभागाकडे हवं. पाण्याला सुरकुत्या पडल्या की हवा मिसळते, बाकी काही नको.

दुसरी गोष्ट, उष्णता. बुडवून चालणाऱ्या पंपाने खाल्लेला जवळजवळ प्रत्येक वॉट शेवटी पाण्यातच उष्णता होऊन उतरतो. मोटरची तर उतरतेच, पाण्याला दिलेला वेगही घर्षणाने उष्णतेतच जिरतो. तुमची टाकी ९ घनफूट, म्हणजे वरपर्यंत भरली तर २५५ लिटर. खडक, वाळू, वरची मोकळी जागा वजा केली की २०० धरा, संपमधले ५० मिळवा. या २५० लिटरमध्ये १०० वॉटचे पंप चोवीस तास चालले आणि उष्णता बाहेर गेलीच नाही असं समजलं, तर पाणी दिवसभरात ८ अंशांहून जास्त तापेल. प्रत्यक्षात उष्णता काचेतून आणि पृष्ठभागावरून निघून जाते, पण बाहेर ४५ अंश आणि खोलीत ३६-३७ अंश असताना ती जाणार कुठे? डिसेंबरात मुंबईच्या टाकीसाठी लिहिलेला सल्ला इथे मे महिन्यात उलटतो.

पाण्यावर पंखा लावण्याचा उपाय नागपुरात उत्तम चालतो, कारण आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी. एक लिटर पाणी वाफ होताना एवढी उष्णता घेऊन जातं की २५० लिटरचं तापमान सव्वादोन-अडीच अंशांनी उतरतं. म्हणजे १०० वॉटच्या पंपांची दिवसभराची उष्णता काढायला साडेतीन लिटर पाणी उडावं लागतं. ५० वॉटमध्ये तेच काम होत असेल तर निम्मं. पण त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा आधीच ओली झालेली असते आणि पंख्याचा परिणाम मंदावतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेतही तेच. एकतर त्या खोलीत एसी ठेवा, नाहीतर चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, खर्च आधीच धरा. कूलर आणि पंखा यांची जोडी जमत नाही.

वाफेचा पंपाशी आणखी एक थेट संबंध आहे आणि तो बऱ्याच जणांना उशिरा कळतो. टाकीची पातळी ओव्हरफ्लोच्या काठावर बांधलेली असते, ती हलत नाही. वाफ झालेलं सगळं पाणी कमी होतं ते संपच्या शेवटच्या कप्प्यात, जिथे रिटर्न पंप बसलेला असतो. तो कप्पा लहान ठेवला तर मे महिन्यात तुम्ही दोन दिवस वर्ध्याला लग्नाला गेलात की पंप हवा ओढायला लागतो. कोरडा फिरला की सिरॅमिकचा शाफ्ट तापून तडकतो. तेव्हा रिटर्नचा कप्पा निदान चार दिवसांची वाफ पुरवेल एवढा मोठा करा, किंवा पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारा, फ्लोटवर चालणारा टॉप-अप लावा. भर घालायची ती आरओ-डीआयच्या (गाळून क्षार काढलेल्या) बिनमिठाच्या पाण्याची, कारण वाफेबरोबर मीठ जात नाही.

तिसरी गोष्ट, सुटे भाग. नागपुरातली मत्स्यालयाची बहुतेक दुकानं गोड्या पाण्यावर चालतात, त्यात काही गैर नाही. पण खाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर बर्डीच्या बाजारात उभ्या उभ्या मिळेल ही आशा नको. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर झाले म्हणून कुरिअर त्याच दिवशी येत नाही. मोटर वाइंडिंगवाल्याकडे नेऊनही उपयोग नाही, कारण वेटोळी इपॉक्सीत ओतून बंद केलेली असतात, उघडली की संपली. म्हणून पंपाबरोबरच एक इम्पेलर संच, शाफ्ट आणि रबरी बुशिंग मागवून कपाटात ठेवा. ज्या मॉडेलचा इम्पेलर सुटा विकत मिळत नाही, ते मॉडेल कितीही स्वस्त असो, माझ्या लेखी वापरून फेकायची वस्तू आहे. जर्मनीच्या एहाइम आणि टुंझे, इटलीच्या सिचे या कंपन्या सुटे भाग विकतात आणि त्यांचे पंप सावकाश म्हातारे होतात. किंमत अर्थात तशीच. चिनी डीसी पंपांत जेबाओ सगळ्यात जास्त दिसतो. कमी पैशांत वेग बदलता येतो, वीज कमी लागते. तो घ्यायचा तर सारखेच दोन घ्या, म्हणजे एकाचा कंट्रोलर दुसऱ्याला लावता येतो. मोटर काचेबाहेर आणि प्रोपेलर आत, चुंबकाने जोडलेला, असे इकोटेकचे व्होर्टेकही आहेत. मोटर बाहेर असल्याने पाण्यात उष्णता कमी उतरते, जे आपल्याला सोयीचं. फक्त काचेची जाडी मॉडेलला जुळते का ते पाहा. चार फुटी टाकीच्या बजेटमध्ये मी तो धरणार नाही, पण परवडत असेल तर वाईट म्हणणार नाही.

आता कूलरचे पंप. नाही. हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो, आणि येणं साहजिक आहे, नागपुरात कुठल्या घरात जुना कूलर पंप पडलेला नसतो? पण तो पंप वर्षातले तीन-चार महिने, गोड्या पाण्यात, खसच्या टाट्यांवर पाणी टाकायला बनलेला असतो. त्यात कुठे ना कुठे लोखंडी स्क्रू, पितळी बुश किंवा धातूचा शाफ्ट निघतो. खाऱ्या पाण्यात गंज लागलाच म्हणून समजा, आणि पितळातून सुटणारं तांबं हे कोरल, कोळंबी, गोगलगायी यांच्यासाठी सरळ विष आहे. तांबं एकदा खडकांत आणि वाळूत मुरलं की काढणं महाकठीण. वर वीजगळतीचा धोका आहेच. मीठ कालवायच्या पिंपासाठीसुद्धा तो नको.

खाऱ्या पाण्याचा पंप ओळखायचा कसा? शाफ्ट सिरॅमिकचा, चुंबक प्लास्टिक किंवा इपॉक्सीत पूर्ण बंद, बाहेर एकही धातूचा स्क्रू नाही. रोटर काढून नखाने फिरवून पाहा, कवचाला भेग दिसली तर घेऊ नका. भेगेतून खारं पाणी चुंबकाला लागलं की तो गंजून फुगतो आणि पंपाच्या घरातच घट्ट बसतो. बंद पडलेले जुने पंप उघडले की हे दृश्य फार वेळा दिसतं.

आकडे आता. रिटर्नला टाकीच्या पाच पट प्रवाह पुरे, म्हणजे ताशी १,००० लिटर. पण हा वर पोचलेल्या पाण्याचा आकडा हवा. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीवरचा असतो. तुमचा स्टँड अडीच फुटांचा असेल तर संपच्या पाण्यापासून टाकीच्या काठापर्यंत साधारण एक मीटर, त्यात एल्बो आणि पाईपचं घर्षण धरून १.३ ते १.४ मीटर हेड, म्हणजे पंपाला पाणी चढवावी लागणारी एकूण उंची, समजा. खोक्यावर 'एच-मॅक्स' नावाचा दुसरा आकडा असतो, तिथे पंपाचं पाणी शून्य होतं. समजा दोन पंप आहेत, दोन्ही २,५०० लिटरचे. एकाचा एच-मॅक्स १.५ मीटर, दुसऱ्याचा २.५. पहिला तुमच्या टाकीत जेमतेम धार सोडेल, दुसरा ११०० ते १३०० लिटर देईल. कंपनीने आलेख दिला असेल तर तोच पाहावा. पाईप पंपाच्या तोंडाच्या मापाचा किंवा त्याहून मोठा, कधीही लहान नाही, आणि एका काटकोनी एल्बोऐवजी दोन ४५ अंशांचे. प्लंबरला हे सांगावं लागतं, तो हातात असेल ते लावून मोकळा होतो. बसवल्यावर मोजायचं सोपं आहे. १० लिटरची बादली वरच्या तोंडाखाली धरा, ३६ सेकंदांत भरली तर ताशी बरोबर १,००० लिटर.

रिटर्नच्या तोंडाशी, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, सायफन (पाणी आपोआप उलटं ओढलं जाणं) तोडायला एक बारीक भोक पाडा. लाईट गेली की पाणी उलटं खाली यायला लागतं आणि ते भोक नसेल तर संप ओसंडून खालच्या मजल्यावरच्यांच्या छतापर्यंत पोचतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, त्यात चुना आणि गोगलगायी बसतात. पंप मुद्दाम बंद करून सगळं पाणी संपमध्ये मावतं का, हे पहिल्याच दिवशी बघा.

वेव्हमेकरसाठी मासे आणि मऊ कोरल यांना टाकीच्या २० पट हालचाल भरपूर, म्हणजे ४,००० लिटर. ताशी ३,००० ते ४,००० लिटरचे, वेग बदलता येणारे दोन घ्या आणि साठ-सत्तर टक्क्यांवर चालवा. कमी वेगात आवाज कमी, झीज कमी, आणि एक बंद पडला तर दुसऱ्याचा वेग वाढवून आठवडाभर निभावता येतं. दोन्ही आखूड बाजूंना वरच्या तिसऱ्या भागात, झोत समोरासमोर आदळतील असे लावा. खडकांच्या मागे घाण साचू लागली तर तोंड थोडं वळवा. पुढे अ‍ॅनिमोन आणणार असाल तर वेव्हमेकरला जाळी घाला, तो रात्री चालत निघतो आणि प्रोपेलरमध्ये गेला तर त्याचा चुरा सगळी टाकी बिघडवतो. जाता जाता, कोणी 'आपल्या समुद्रातला माल' म्हणून कठीण कोरल, समुद्रपंखे किंवा समुद्रघोडे देऊ केले तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते संरक्षित आहेत.

भावाच्या पंपाचं असं आहे. तिथला एसी पंप १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवाल, पण हर्ट्झ ५० चेच राहतील. या मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो, म्हणून ती सहाव्या हिश्श्याने हळू फिरेल आणि पाणी चढवायची उंची जवळजवळ तीस टक्क्यांनी घटेल. शिवाय जास्त तापेल. डीसी पंप असेल आणि अ‍ॅडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ छापलेलं असेल तर खुशाल मागवा, सोबत दोन इम्पेलर आणायला सांगा. वॉरंटी मात्र इथे चालेल असं धरू नका.

देखभालीला फार लागत नाही. तीन महिन्यांनी, उन्हाळ्यात दोन महिन्यांनी, पंप काढून बादलीत लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर चालवा. लिटरला दोन मोठे चमचे पुरे, इतवारीच्या बाजारात किलोने मिळतं. पांढरा व्हिनेगर अर्धा-अर्धा पाणी घालूनही चालतो. मग जुन्या टूथब्रशने रोटरचं घर घासा, साध्या पाण्यात धुवा. अ‍ॅसिडची बाटली, जी आपण बाथरूमला वापरतो, ती पंपाजवळ आणू नका. दोन्ही वेव्हमेकर एकाच दिवशी साफ करू नका, म्हणजे टाकी कधीच स्थिर उभी राहत नाही. आणि मे महिना लागण्याआधीची सफाई चुकवू नका.

विजेचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच. टाकीच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की लाईन तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग, तीन पिनांचं नुसतं सोंग नको. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाऊ दे, म्हणजे वायरवरून घरंगळणारं पाणी प्लगमध्ये शिरत नाही. कंट्रोलर संपच्या कपाटात कधीच नको, तिथल्या खारट दमट हवेत तो पंपाच्या आधी मरतो. कपाटाबाहेर भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला लावा.

एक माप तुम्ही लिहिलेलं नाही: टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाईप किती इंची आहे? आतून एक इंचाहून कमी असेल तर ताशी १,००० लिटरही तो गुळगुळ आवाज करत ओढेल, आणि एकच पाईप असेल तर एका पानाने किंवा मेलेल्या गोगलगायीने तुंबून पाणी हॉलमध्ये येईल. तसं असेल तर पंप मागवण्याआधी काचवाल्याकडून दुसरं भोक पाडून घ्या. टाकीत पाणी असताना ते काम होत नाही.